भाषण कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं: पहिल्यांदा माईकसमोर उभं राहणाऱ्यांसाठी

कार्यक्रमपत्रिकेत कोणीतरी तुमचं नाव टाकलंय, 'मनोगत' नाहीतर 'दोन शब्द' या मथळ्याखाली, आणि आता पोटात गोळा आलाय. हा लेख तुमच्यासाठी आहे. मी गेली अठरा वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, वक्तृत्व स्पर्धेला मुलं तयार करते, आणि जयंत्या, निरोप समारंभ, स्नेहसंमेलनं या सगळ्यात कधी स्वतः बोलते तर कधी सूत्रसंचालन करते, त्यामुळे हजारभर तरी भाषणं जवळून ऐकली असतील.

माझं स्वतःचं पहिलं भाषण ३ जानेवारीला होतं, सावित्रीबाईंच्या जयंतीला. सुरुवात पाठ होती, मधलं पाठ होतं, शेवट ठरवलाच नव्हता, म्हटलं बोलता बोलता सुचेल. नाही सुचला. 'शेवटी एवढंच सांगते' असं मी तीन वेळा म्हटलं, आणि दर वेळी पहिल्या रांगेतल्या पाचवीच्या मुली टाळ्यांसाठी हात वर घ्यायच्या, मी पुढे बोलायला लागले की हळूच मांडीवर ठेवायच्या. त्या मुलींचे हात मला अजून दिसतात. त्या दिवसापासून मी एक नियम धरलाय तो म्हणजे भाषण लिहायला बसलं की पहिल्यांदा शेवटचं वाक्य लिहायचं, मग पहिलं, आणि मधलं सगळ्यात शेवटी. मधे एखादा मुद्दा राहिला, एखादं साल चुकलं तर लोक सांभाळून घेतात. सुरुवातीला लोक हातातून सुटले तर परत येत नाहीत, आणि शेवट लांबला तर आधीचं चांगलं बोललेलंही वाहून जातं.

आधी हे जवळ घेऊन बसा

- छापलेली कार्यक्रमपत्रिका, नसेल तर तिचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो
- स्टेजवर बसणाऱ्यांची नावं, पदं आणि बरोबर उच्चार, आडनावं नीट विचारून घ्या
- पोस्टकार्डाएवढी दोन जाड कार्डं (लग्नपत्रिकेची कोरी बाजू उत्तम, हातात फडफडत नाही) आणि जाड टोकाचं पेन
- मनगटी घड्याळ. मोबाईलमध्ये वेळ बघाल तर लोकांना वाटतं मेसेज वाचताय
- रेकॉर्डिंगसाठी मोबाईल, पण तो घरीच प्रॅक्टिसला

पूर्ण भाषण लिहिलेला फुलस्केप कागद स्टेजवर नेऊ नका. हात थरथरला की कागद थरथरतो, आणि माईकमध्ये त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

१. आयोजकाला चार प्रश्न विचारा

किती मिनिटं? माझ्या आधी कोण बोलणार आणि कशावर? माझ्या नंतर लगेच काय आहे? आणि समोर बसणार कोण, मुलं, पालक, की सगळे पदाधिकारी?

यातला तिसरा प्रश्न कोणीच विचारत नाही आणि तोच शेवटासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. तुमच्यानंतर आभार प्रदर्शन असेल तर तुम्ही आभार मानत बसायचं नाही, ते काम दुसऱ्याला दिलेलं आहे. तुमच्यानंतर थेट पसायदान किंवा वंदे मातरम् असेल तर तुमचं शेवटचं वाक्य शांत हवं, म्हणजे लोक आपोआप उभे राहतात. आणि नंतर जेवण असेल तर सांगितलेल्या वेळेतली दोन मिनिटं स्वतःच कमी करा, कारण बाहेरून मसालेभाताचा वास यायला लागला की कोणाचंही भाषण चालत नाही.

मिनिटांचा हिशोबही आताच करून टाका. मी मुलांना घड्याळ लावून बसवते तेव्हा स्टेजवरचा वेग मिनिटाला साधारण शंभर ते एकशेवीस शब्द भरतो. म्हणजे पाच मिनिटांचं भाषण पाचशे-सहाशे शब्दांचं, त्याहून जास्त लिहिलंत तर शेवट घाईत उरकावा लागणार हे धरून चाला.

२. शेवटचं वाक्य आधी लिहा

कीर्तन ऐकलं असेल तर आठवून बघा. नारदीय कीर्तनात आधी नमन, मग पूर्वरंग म्हणजे विषयाचं निरूपण, मग उत्तररंगात आख्यान म्हणजे गोष्ट, आणि शेवटी देवाकडे मागणं. बुवा आख्यानात कितीही रंगले, अर्धा तास इकडे-तिकडे फिरून आले तरी घर कुठे आहे ते त्यांना पक्कं माहीत असतं, म्हणून तर ते बिनधास्त फिरतात. आपल्यालाही तेच करायचंय.

कोऱ्या कार्डावर एकच वाक्य लिहा, लोक घरी जाताना चपला घालत असतील तेव्हा त्यांच्या डोक्यात जे राहावं असं तुम्हाला वाटतं ते. त्याच्या तीन कसोट्या आहेत. एका श्वासात बोलता आलं पाहिजे. त्यात 'इत्यादी', 'विविध', 'अनेकविध' असले शब्द नकोत. आणि ते ऐकल्यावर आता हे थांबले हे लहान मुलालाही कळलं पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण या दृष्टीने जरूर वाचा. सुरुवात कशी आहे माहितीय? सभा ९ डिसेंबर १९४६ ला पहिल्यांदा भरली, त्याला आता दोन वर्षं, अकरा महिने आणि सतरा दिवस होतील, असा सरळ हिशोब. एवढ्या मोठ्या प्रसंगी कसलाही फुलोरा नाही, फक्त मोजलेले दिवस, आणि त्या एका आकड्याने समोरच्या प्रत्येकाला आपण केलेलं काम आठवतं. पुढे इतके गंभीर इशारे आहेत, २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असेल, हे तिथेच सांगितलंय. आणि अगदी शेवटी देशाची सेवा करण्याचा हाच एक मार्ग आहे असं म्हणून एक छोटंसं वाक्य, याहून चांगला मार्ग मला माहीत नाही, अशा अर्थाचं. संपलं. मला हे भाषण वाचताना दर वेळी तिथे थांबायला होतं, कारण लांबलचक वाक्यांच्या मागून आलेलं ते इवलंसं वाक्य दार लावून घेतल्यासारखं वाजतं. म्हणून मुलांना सांगते, शेवटच्या आधीचं वाक्य लांब असलं तरी चालेल, शेवटचं मात्र आखूडच.

३. मग पहिलं वाक्य

आपण सगळे शाळेत हेच शिकलोय: 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती.' यात वाईट काही नाही, पहिलीतलं मूल हे बोलतं तेव्हा मला अजूनही भरून येतं. पण मोठ्या माणसाने हेच म्हटलं की समोरच्यांना पुढची तीन मिनिटं आत्ताच ऐकू येतात आणि ते शेजाऱ्याशी बोलायला लागतात.

दुसरी नेहमीची सुरुवात जन्मतारखेची. 'सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला.' हे खरंच आहे, पण ते मागच्या फलकावर लिहिलेलंही असतं. त्याऐवजी असं सुरू करून बघा: 'शाळेत शिकवायला जाताना सावित्रीबाई एक जास्तीची साडी सोबत न्यायच्या.' आणि थांबा. दोन सेकंद. समोरच्या प्रत्येक बाईच्या मनात प्रश्न येतो, जास्तीची का? मग सांगा, वाटेत लोक शेण आणि चिखल फेकायचे म्हणून. जन्म, गाव, १८४८ ची पुण्यातली शाळा, हे सगळं नंतर येऊ दे, आता लोक ऐकायला तयार आहेत. आणि याच भाषणाचा शेवट १८९७ च्या प्लेगवर करा, आजारी मुलाला स्वतःच्या पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, त्यातच लागण होऊन १० मार्चला वारल्या. सुरुवातीला जास्तीची साडी आणि शेवटी पाठीवरचं मूल, मधे तुम्ही काहीही सांगितलं तरी भाषण आपोआप एकसंध वाटतं.

पहिलं वाक्य शोधायला मी चार जागा बघते: एखादी वस्तू, एखादा नेमका आकडा, ज्याचं उत्तर लोकांना मनात देता येईल असा प्रश्न, किंवा आज याच हॉलमध्ये आत्ता घडलेली गोष्ट. चारोळी आणि शेरोशायरी मी या यादीत मुद्दाम धरत नाही. त्याच त्या चार ओळी आधीच्या वक्त्याने म्हटलेल्या असण्याची शक्यता फार, आणि पाठ केलेली ओळ अडखळली की पुढचं सगळंच डगमगतं.

आमच्या शाळेतल्या शिपाईमामांच्या सेवापूर्तीला मला बोलायचं होतं. 'मामा अत्यंत मनमिळाऊ आणि कष्टाळू' हे माझ्या आधीचे पाच जण म्हणणारच होते. मी आदल्या दिवशी घंटेपाशी जाऊन उभी राहिले. आमची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तारेने टांगलेला, आणि इतकी वर्षं एकाच जागी टोला बसून तिथलं लोखंड आरशासारखं गुळगुळीत झालेलं. बाकी सगळा रूळ गंजका, तेवढाच रुपयाएवढा भाग चकचकीत. दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले आणि म्हटलं, 'आपल्या घंटेवर रुपयाएवढी एक जागा चमकते, ती कोणी कधी जवळून बघितलीय का?' सगळ्या मुलांच्या माना खिडकीकडे वळल्या. पुढची चार मिनिटं मला काहीच ओढून आणावं लागलं नाही. आणि शेवटी मी फक्त एवढंच म्हटलं, 'मामा, आजची शाळा सुटल्याची घंटा तुम्हीच द्या.' ते उठले, बाहेर गेले, घंटा दिली. तेव्हा हॉलमध्ये टाळ्या नव्हत्या, सगळे डोळे पुसत होते.

४. मान्यवरांची नावं: इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

आपल्याकडे नाव राहिलं तर माणूस दुखावतो, हे खरं आहे आणि त्यात चूक काही नाही, त्याने वेळ काढलेला असतो. पण सूत्रसंचालकाने नावं घेतलेली असतात, प्रास्ताविकात घेतलेली असतात, तुमच्या आधीच्या चार जणांनीही घेतलेली असतात. तुम्ही अकरा नावं पुन्हा वाचली की पहिलं मिनिट गेलं.

मी असं करते: आधी पहिलं वाक्य, मग छोटी नोंद. 'कार्यक्रमाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, आणि आपण सगळे' एवढंच, किंवा फार तर अध्यक्ष आणि पाहुणे या दोघांचीच नावं. एकदा तिसरं नाव घेतलंत की चौथ्याला राग येणार, त्यामुळे दोनवर थांबा नाहीतर सगळी घ्या, मधलं काही करू नका. सरकारी किंवा पक्षाचा कार्यक्रम असेल आणि सगळी घ्यावीच लागणार असतील तर यादी कार्डावर क्रमाने लिहून आयोजकाकडून तपासून घ्या, आठवणीवर घेऊ नका.

आणि संबोधन म्हणजे निव्वळ उपचार असं समजू नका. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ ला शिकागोच्या धर्मपरिषदेत 'अमेरिकेतल्या भगिनींनो आणि बंधूंनो' एवढं म्हटलं आणि टाळ्या थांबेनात. ते शब्द काही कठीण नाहीत, पण त्यात परक्या लोकांशी नातं जोडलेलं होतं. तुम्ही पालकसभेत 'उपस्थित पालकवर्ग' म्हणण्यापेक्षा 'सकाळी डबा भरून, कामावर रजा टाकून आलेल्या आई-बाबांनो' म्हटलंत तर चेहरे वर होतात, करून बघा.

५. खुर्चीपासून माईकपर्यंत

नाव पुकारलं की चालत जातानाच बोलायला सुरुवात करू नका. माईकपाशी जा, उंची हाताने नीट करा, तोंडापासून साधारण वीतभर अंतर ठेवा. फुंकर मारायची नाही, टिचकी मारायची नाही, 'हॅलो हॅलो, आवाज येतोय का' विचारायचं नाही, हे सगळं कार्यक्रमाच्या आधी जाऊन साऊंडवाल्या दादांसोबत करून घ्या, ते आनंदाने करतात.

मग एक पूर्ण श्वास, समोर तीन ठिकाणी नजर, डावीकडे, मधे, मागच्या रांगेत. ही शांतता तुम्हाला खूप लांब वाटेल पण समोरच्यांना ती दोन-तीन सेकंदांचीच असते, आणि तेवढ्यात कुजबुज थांबते. पहिलं वाक्य नेहमीपेक्षा हळू बोला. घाबरलेला माणूस धावतो, म्हणून पहिली तीन वाक्यं अक्षरशः पाठ हवीत, झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजेत.

हे अजिबात म्हणू नका: 'मी काही वक्ता नाही', 'माझी तयारी नाही', 'अचानक नाव पुकारलं'. लोक तुमच्याकडून काहीतरी चांगलं ऐकायच्या तयारीत बसलेले असतात, त्यांना आधीच नाराज का करायचं.

६. मधलं

तीन मुद्दे, प्रत्येकाला एक गोष्ट किंवा उदाहरण, कार्डावर तीन शब्द. झालं.

७. शेवटाकडे वळणं आणि खरंच थांबणं

'शेवटी' हा शब्द एका भाषणात एकदाच वापरायचा, आणि वापरल्यानंतर एका मिनिटात खाली बसायचं. माझा स्वतःचा इलाज असा की मी तो शब्द वापरतच नाही, सुरुवातीला घेतलेली वस्तू परत हातात घेते. घंटा, साडी, आकडा, जे काही असेल ते पुन्हा आलं की लोकांना आपोआप समजतं की आता फेरी पूर्ण होतेय.

नेहमीचे सापळे सांगते. शेवटाला आल्यावर राहून गेलेला मुद्दा आठवतो आणि आपण तो घुसवतो. आठवला तरी सोडून द्या, कोणालाच माहीत नाही तो राहिलाय. 'वेळेअभावी जास्त बोलत नाही' म्हटलं की लोकांना घड्याळ आठवतं. आणि 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' हे वाक्य तर आपण सवयीने जोडतो, तुमचं खरं शेवटचं वाक्य कितीही चांगलं असलं तरी लोकांच्या कानात हेच राहतं. ते काढूनच टाका. 'जय हिंद, जय महाराष्ट्र' म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, मीही म्हणते, पण शेवटच्या वाक्यानंतर एक श्वास थांबून मग म्हणा, एकाला एक चिकटवून नको.

शेवटचं वाक्य लोकांकडे बघून म्हणायचं. कार्ड तेव्हा खाली असलं पाहिजे. वाक्य संपलं की लगेच वळू नका, दोन सेकंद तिथेच उभं राहा, टाळ्या त्याच दोन सेकंदांत सुरू होतात.

८. ऐन वेळी घोटाळा झाला तर

तुमची सुरुवात आधीच्या वक्त्याने घेतली: असं होतंच, विशेषतः जयंत्यांना. म्हणून दुसऱ्या कार्डावर एक राखीव सुरुवात लिहून ठेवा. तेही नसेल तर आधीचे वक्ते जे म्हणाले तेच वाक्य धरा, 'सरांनी आत्ता जी गोष्ट सांगितली, तिचा पुढचा भाग मला माहीत आहे,' आणि चालू करा.

वेळ कापली: दहा मिनिटं सांगून दोनच उरलीत. पहिलं वाक्य, एक मुद्दा, शेवटचं वाक्य. कमी वेळ म्हणजे अपमान असं मनात आणू नका. १९ नोव्हेंबर १८६३ ला अमेरिकेतल्या गेटिसबर्गला राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या आधीचे वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले, लिंकन दोन-तीन मिनिटंच. त्यांचीही सुरुवात हिशोबाचीच, चार विसा आणि सात वर्षांपूर्वी, आपल्या आज्या मोजायच्या तसं विसा-विसाने, आणि शेवट लोकांचं, लोकांनी चालवलेलं, लोकांसाठीचं सरकार. आज शाळेतल्या नागरिकशास्त्रात मुलं तोच शेवट पाठ करतात.

मधेच कोरं झालं: कार्ड बघा, घाई नाही. तरी काही सापडेना तर सरळ शेवटच्या वाक्यावर उडी मारा. ते आधी लिहून पाठ केलेलं असण्याचा खरा उपयोग इथे होतो. माझ्या एका आठवीच्या विद्यार्थिनीने जिल्ह्याच्या स्पर्धेत हेच केलं, दीड मिनिट आधी संपवलं, आणि ती विसरली होती हे परीक्षकांच्या लक्षातही आलं नाही.

लाईट गेली: मोठ्याने ओरडू नका. दोन पावलं पुढे या, लोक स्वतःच शांत होतात.

९. प्रॅक्टिस

आदल्या तीन दिवसांत रोज फक्त सुरुवात आणि शेवट, उभं राहून, मोठ्याने, पाच-पाच वेळा. पोळ्या करताना, गाडीवर, कुठेही. संपूर्ण भाषण फक्त दोनदा, एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करून आणि एकदा घरातल्या कोणासमोर तरी, शक्यतो ज्याला विषय माहीत नाही अशा माणसासमोर. मी माझ्या सासूबाईंना बसवते. त्यांना भाषण संपल्यावर एकच विचारते, 'आई, काय लक्षात राहिलं?' त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शेवटच्या वाक्याच्या जवळपास नसेल तर वाक्य बदलायचं, सासूबाईंशी वाद घालायचा नाही.

आणि भाषण झालं की कार्ड फेकू नका. त्याच दिवशी मागच्या बाजूला तारीख, ठिकाण, कोणत्या वाक्याला लोकांनी माना वर केल्या आणि कुठे चुळबुळ सुरू झाली ते लिहून ठेवा. माझ्याकडे बुटांच्या खोक्यात अशी कार्डं आहेत, सगळ्यात जुनं त्या ३ जानेवारीचं, आणि त्याच्या मागे एवढंच लिहिलंय: 'शेवट नव्हता.'